घारीनंतरचा घोट

माझी मुलगी मुंबईला एका कंपनीत आहे. ती कंपनी इटलीहून वाइन आणून हॉटेलांना विकते. हे वाक्य मी सुरतेत फारसं कुणाला ऐकवत नाही. नात्यातलं कुणी विचारलं तर मी म्हणते, द्राक्षांच्या कंपनीत आहे. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, फूड लाइनमध्ये आहे. दोन्ही खोटं नाही. आमच्या गल्लीत दारू म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली, आणि ती पिऊन कोण कुठं पडलं होतं ते सकाळी नळावर कळतं. त्या बायकांना बाटलीचं बूच, पेल्याचा आकार आणि काय काय समजावून सांगायला माझ्याकडे वेळ नाही.

मी सुरतेतच, पर्वत पाटिया भागात, डब्यांचं स्वयंपाकघर चालवते. कापड बाजारातल्या दुकानांना, पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या दोन प्रोसेस हाऊसच्या ऑफिसांना आणि इच्छापोरच्या एका कारखान्याला दुपारचं जेवण जातं. हे स्वतः पलसाण्यालाच रंगखात्यात होते, आता निवृत्त होऊन आमचा टेम्पो चालवतात. घरात अहिराणी बोलतात, बाजारात गुजराती, आणि रागावले की गप्प बसतात. माझ्या हाताखाली पूर्वी दोन बायका होत्या. त्यातली चांगली होती ती गेल्या वर्षी मुलाबरोबर वापीला गेली. तेव्हापासून तिच्या जागी दुसरी कुणी बघितली नाही. सगळे म्हणत, एखादी बाई ठेव. मी म्हणायची, बघू.

बघू म्हणण्याचं कारण मुलगी होती. तिची नोकरी कच्ची होती. कायम करायचं की नाही ते कंपनी हिवाळ्यानंतर ठरवणार होती, आणि तिला सांगितलं होतं की दमणचा एक मोठा रिसॉर्ट गळाला लाव, मग बोलू. तो रिसॉर्ट सुरतच्या एका शेठचा. सुरतेची अर्धी लग्नं तिकडे होतात, कारण गुजरातेत दारूबंदी आणि दमण दोनेक तासांवर. शेठनं तिच्या कंपनीची पांढरी वाइन आपल्या यादीत घेतली तर ती मुंबईत राहणार. नाही घेतली तर परत येणार. ती मला फोनवर सरळ म्हणाली होती, "नाही जमलं तर येते मी घरी, आई. तुझा गॅस सांभाळते."

मला ते हवं होतं. माझे गुडघे गेले आहेत. सकाळी अंधारात उठून कणकेचं पातेलं खाली उतरवताना मी रोज एकदा ओट्याला धरून थांबते. ती हिशोबाला तल्लख आहे, लोकांशी बोलायला माझ्यापेक्षा बरी आहे, आणि तिच्या हाताला चव आहे. पण तिला मुंबईत राहायचं होतं. हेही मला माहीत होतं. त्यामुळे मी काहीच बोलत नव्हते.

मग तिचा फोन आला की शेठकडे चाखण्याचा कार्यक्रम ठरला आहे, आणि खाणं तू कर.

"त्यांच्याकडे आचारी नाहीत?"

"आहेत. ते पनीर टिक्का करतात. आमचे साहेब म्हणतात चीज ठेवू. आई, शेठ शाकाहारी, त्यांची मोठी बहीण तर अंड्याचा केकसुद्धा न खाणारी. ही वाइन चीजबरोबर आवडली तरी त्यांच्या पाहुण्यांच्या ताटात चीज कुठून येणार? त्यांच्या जिभेचं काहीतरी पाहिजे."

"मी वाइन कधी प्यायले नाही."

"म्हणून तर. त्यांनीही फार नाही प्यायलेली. व्हिस्कीवाले आहेत सगळे."

काम म्हणून आलं की मी काम म्हणून बघते. मी विचारलं, चव कशी आहे ते सांग. ती सांगायला लागली. दोन द्राक्षांचं मिश्रण आहे. एक द्राक्ष आंबट, सरळ, वासाला यथातथा. दुसरं वासाचं, पण एकट्याची वाइन केली तर ढिली लागते. म्हणून दोन्ही एकत्र.

"पाहुण्यांच्या भाताला मी करते तसं," मी म्हटलं. "कोलम मोकळा होतो, त्यात वासापुरता आंबेमोहोर."

"हो, तसंच."

हे बाजूला बसून ऐकत होते. "मिक्स माल म्हणजे," हे म्हणाले. "कापडात मिक्स म्हणजे हलकं."

"पप्पा, हे हलकं नाही."

"सगळे व्यापारी असंच म्हणतस," हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

सुरतेत बाटली आणून चाखणं शक्य नव्हतं आणि मला ते करायचंही नव्हतं. बाटल्या कंपनीच्या परवान्यानं परस्पर दमणला जाणार होत्या. मग पदार्थ कशावर ठरवायचे? मी तिला म्हटलं, मसाल्याच्या भाषेत सांग. ती म्हणाली, लिंबाची साल, हिरवं सफरचंद, किंचित मीठ, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी बदामाच्या सालीसारखं कडवट. मी तसं पाणी तयार केलं. लिंबाची साल पाण्यात रात्रभर, हिरवं सफरचंद किसून पिळलं, चिमूटभर मीठ, आणि कडूपणासाठी मेथीचे दाणे भिजवलेलं चमचाभर पाणी. साखर नाही. फ्रिजमध्ये गार केलं.

ह्यांना पेला दिला. ह्यांनी घोट घेतला, पेल्याकडे बघितलं.

"हाई ते जुलाबना पानी शे."

"चव सांगा."

"तीच सांगी राहिनू."

पण ते पाणी कामाचं होतं. डबे गेले की दुपारी मी ओट्यावर वाट्या मांडायची आणि एक घास, एक घोट असं करून बघायची. दोन दुपारी त्यातच गेल्या, एरवी मी त्या वेळात पाठ टेकते. गोड्या मसाल्याच्या आमटीनं ते पाणी गिळूनच टाकलं, चव राहिली नाही. वांग्याच्या भरिताबरोबर बरं लागलं, विशेषतः हिरवा लसूण घातला तेव्हा. कोथिंबीर वडीबरोबर फार चांगलं. तेल तोंडात चढतं ते पाणी धुऊन काढत होतं. हुरडा सर्वांत सरस. हिवाळ्यात सुरतेत कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळतो, इथे त्याला पोंक म्हणतात, आणि त्याच्यावर लिंबाची आणि लसणीची शेव घालून खातात. त्या दाण्याचा मुळातला गोडवा अगदी थोडा असतो. आंबट त्याला धरून बसतं.

डब्यातलं श्रीखंड उरलं होतं म्हणून तेही बघितलं. चमचाभर श्रीखंड आणि वर तो घोट. चिंचेचं भांडं विसळलेलं पाणी प्यायल्यासारखं झालं. तोंड वाकडं करून मी ते बेसिनमध्ये टाकलं आणि ठरवलं, गोड काही न्यायचं नाही.

तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. मला जे जे जमत होतं ते सगळं ताटातल्या डाव्या बाजूचं होतं किंवा डाव्या बाजूला शोभेल असं होतं. आपण ताट वाढतो तेव्हा मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. ते पोट भरायला नसतं. मधूनच बोट लावायचं आणि पुन्हा उजवीकडच्या भाजीकडे वळायचं. संध्याकाळी मी मुलीला फोनवर म्हटलं, "तुझी वाइन डावीकडची दिसते. लिंबाच्या फोडीशेजारी ठेव तिला. वाटीत आमटी वाढावी तशी वाढू नकोस."

"आई, हे मी साहेबांना सांगते."

"सांग. आणि गोड आधी खाऊ देऊ नकोस कुणाला."

"गोड आहेच कुठं यादीत?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. यादीत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही पहाटे टेम्पो भरून निघालो. हुरडा ओल्या फडक्यात, वड्या उकडून ठेवलेल्या, तिथं तळायच्या. वांगी भाजून सोललेली. ठेचा एका डब्यात. माझ्या पाण्याबरोबर ठेचा झकास लागला होता. पलसाण्याजवळ रंगाच्या कारखान्यांचा वास आला तसं ह्यांनी काच खाली केली. वीस वर्षं ज्यात काढली त्या वासाचं ह्यांना काय आहे कोण जाणे. मी काच वर करायला लावली. हुरड्याला वास लागतो.

मुलगी मुंबईहून आधीच येऊन पोचली होती. काळी पँट, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. आधीपेक्षा बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं होतं. तीही माझ्या चालण्याकडे बघत होती. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात तिनं एक बाटली उघडली आणि मला पेल्याच्या तळाला जेमतेम भरेल एवढी ओतून दिली.

"वास घे. मग घोट घे, तोंडात फिरव, मग थुंक."

शेजारी थुंकायला भांडं ठेवलं होतं. तिला वाटलं मी नको म्हणेन. पण थुंकण्याचं मला काही विशेष नाही. चतुर्थीला ऑर्डर असली की मी मीठ जिभेवर बघते आणि थुंकून टाकते. माझा उपास मोडत नाही आणि लोकांची भाजी अळणी जात नाही. तो घोट गार होता. आधी आंबट, कैरीसारखं टोचणारं नव्हे, ताकावरच्या निवळीसारखं. मग काही नाही. थुंकल्यावर मागून ते बदामाच्या सालीचं कडवट आलं, आणि जिभेच्या कडेला किंचित खारट. माझं पाणी फार चुकलं नव्हतं. फक्त एक गोष्ट पाण्यात नव्हती, ती म्हणजे छातीत उतरणारी ऊब, थुंकलं तरी जाणवणारी.

मग मी ठेच्याचं बोट चाटलं आणि पुन्हा घोट घेतला. तोंडाला आग लागली. मिरची होती त्याच्या दुप्पट झाली आणि वाइनची चव कुठे गेली कळलं नाही.

"अल्कोहोल तिखट वाढवतं," मुलगी म्हणाली.

"हे फोनवर सांगायचं."

"तू ठेचा आणशील हे कुठं माहीत होतं?"

ठेचा बंद करून टेम्पोत परत ठेवला. ह्यांचं दुपारचं जेवण त्याच्यावर झालं.

समुद्राकडे तोंड करून एक लांब खोली होती, तिथं टेबल मांडलं होतं. दमणचा समुद्र मातीच्या रंगाचा आहे, पण खिडकी मोठी होती. तिचे साहेब आले. मुंबईचे, पन्नाशीचे, हातात सारखा फोन. मला म्हणाले, "सो यू आर द मदर," आणि मग ताटांकडे बघून, "चीज नाही?" मुलीनं त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की आज जर बिनसलं तर ते कुणाच्या नावावर जाणार आहे.

शेठ आले तेव्हा त्यांच्याबरोबर कापड बाजारातले दोन मित्र होते आणि मागून त्यांची मोठी बहीण. सगळे तिला मोटीबेन म्हणत होते. साठीची, उभी राहिली की खोली भरेल अशी बाई. रिसॉर्टचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. ती स्वतः पीत नव्हती, पण यादीत काय घ्यायचं ते तिला विचारल्याशिवाय ठरत नाही, हे मला वड्या तळताना तिथल्या आचाऱ्यानंच सांगितलं होतं.

मी ताटं आत आणून ठेवली. डावीकडे मीठ, लिंबू, हुरडा, त्याच्यावर शेव नंतर घालायची म्हणून वाटीत वेगळी. उजवीकडे वड्या आणि भरीत, छोट्या छोट्या भाकऱ्या. साहेब उभे राहून इंग्रजीत बोलायला लागले. त्यात मला "लेफ्ट साइड ऑफ द प्लेट" एवढं स्पष्ट ऐकू आलं. आमच्या कंपनीचा विचार असा आहे, असं ते म्हणत होते. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी लिंबाच्या फोडी सारख्या केल्या.

मग साहेबांनी थुंकायच्या भांड्यांबद्दल सांगितलं. शेठचा एक मित्र दुसऱ्याला म्हणाला, "अल्या, थूंकवा माटे छेक दमण आव्या?" थुंकायला पार दमणपर्यंत आलो?

दुसरा म्हणाला, "घरी तंबाखूचा मावा खाऊन फुकट थुंकतोसच की."

शेठ हसले. वातावरण बरं होतं. मुलगी बाटल्या आणायला आत गेली, साहेबांचा फोन वाजला म्हणून ते व्हरांड्यात गेले. आणि मोटीबेननं पिशवीतून मिठाईचा डबा काढला. सुरतची घारी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते, आत मावा, साखर, पिस्ते, आणि वरून घट्ट तुपाचा पांढरा थर. एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक नाही.

"नवुं काम छे," मोटीबेन म्हणाली. "पहेलां मों मीठुं करो."

नवं काम सुरू करताना तोंड गोड करायचं. त्यात चूक काढण्यासारखं काय आहे? आपल्याकडेही पेढा देतातच. शेठनं चतकोर घारी तोंडात टाकली, मित्रांनी अर्धी अर्धी घेतली. मलाही दिली. मी हातात धरून उभी राहिले. मला श्रीखंड आठवलं.

तेवढ्यात मुलगी बाटली घेऊन आली, साहेब आले, आणि पेले भरले गेले. तिनं घारी बघितली नाही. डबा मोटीबेनच्या मांडीवर होता. ती म्हणाली, आधी वास घ्या. शेठनं वास घेतला, मान हलवली, आणि मोठा घोट घेतला.

त्यांचं तोंड माझं झालं होतं तसंच झालं.

"आ तो खाटी थई गई छे," शेठ म्हणाले. आंबून गेली आहे.

एका मित्रानं पेला खाली ठेवला. दुसरा म्हणाला, "सरको छे, सरको." व्हिनेगर.

साहेबांनी स्वतः घोट घेतला. त्यांनी घारी खाल्ली नव्हती, त्यांना ती ठीक लागली असणार, पण त्यांनी ते म्हटलं नाही. गिऱ्हाईक खराब म्हणतंय तर खराब. ते मुलीकडे वळले आणि हसत हसतच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडीत उन्हात राहिल्या होत्या का बाटल्या? मी सांगितलं होतं ना तुला."

"नाही सर. बर्फातच होत्या."

"मग काय झालं?"

तिला माहीत नव्हतं काय झालं. तिचे कान लाल झाले. लहानपणी शाळेतून न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगून यायची तेव्हा असेच व्हायचे. तिनं दुसरी बाटली उघडायला घेतली. तीही तशीच लागणार होती, आणि तिसरीही. तिथल्या माणसांत ते एकट्या मला ठाऊक होतं.

मी भिंतीशी उभी होते आणि माझा उजवा गुडघा ठणकत होता. मला काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. शेठ नमस्कार करून उठले असते, साहेब रागावून गेले असते, आणि संध्याकाळी आम्ही तिघं टेम्पोत पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून सुरतेला परतलो असतो. चार दिवस ती रडली असती. मग तिनं डब्यांचे फोन घ्यायला सुरुवात केली असती. मला ते सगळं समोर दिसलं, तिचा एप्रनसुद्धा. किती वेळ गेला माहीत नाही. दुसऱ्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला.

"मोटीबेन," मी म्हटलं, "सुरतनी घारी, ने भूसुं वगर?"

हे मी जरा मोठ्यानं म्हटलं. सुरतेत कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, लोक घारी खातात तेव्हा तिच्याबरोबर भूसुं लागतंच, म्हणजे खारा-तिखट चिवडा. नुसती घारी खाल्ली तर सुरती माणूस म्हणणार की बाहेरगावचा दिसतो. मोटीबेननं माझ्याकडे बघितलं, हातातल्या डब्याकडे बघितलं आणि हसली.

"साची वात," ती म्हणाली. "भूसुं तो रही ज गयुं."

"मी आणलंय तेच खा भूसुं म्हणून. आधी पाणी घ्या सगळ्यांनी, कोमट आहे, तुपाचं तोंड धुतलं जाईल." मी हुरड्यावर शेव टाकत गेले, लिंबू पिळलं, मीठ टाकलं. मुलगी बाटली हातात धरून माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर डब्यावर गेली. घारीचा उरलेला तुकडा माझ्या डाव्या हातात अजून तसाच होता, तोही तिनं बघितला. एवढं पुरलं. पोरगी हुशार आहे.

लोक खात राहिले. हुरडा चावायला वेळ लागतो, ते बरं झालं. मोटीबेननं दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि लसणीची शेव कुठल्या दुकानातली ते विचारलं. घरची आहे म्हटल्यावर तिनं मान डोलावली. मुलगी घाई न करता पेले बदलून आली आणि पहिल्याच बाटलीतली, जी आंबली म्हणून बाजूला सारली होती तीच, पुन्हा ओतली.

शेठनं संशयानं छोटा घोट घेतला. मग आणखी एक. मग वडी खाऊन तिसरा.

"बोटल बदली?"

"नाही शेठ. तीच आहे."

"होय नहीं." शक्यच नाही. त्यांनी बाटली उचलून बघितली, जणू तिच्यावर लिहिलेलं असणार. "सारी छे आ तो." चांगली आहे की.

जो मित्र व्हिनेगर म्हणाला होता त्यानं थुंकायचं भांडं पायानं लांब सरकवलं.

मोटीबेननं वाइनला हात लावला नाही. तिनं भावाचं तोंड बघितलं, आपल्या ताटातली वडी बघितली आणि माझ्या मुलीला जवळ बोलावून विचारलं की लग्नात पाचशे पानांना हे असं वाढता येईल का, आणि गोड शेवटी ठेवलं तर लोक ऐकतील का. मुलगी म्हणाली, "गोड पहिलं येतं तिथं वाइन नंतर, गोड शेवटी तिथं वाइन आधी. मधे काहीतरी खारं हवं, बेन. घारीला भूसुं लागतं तसं." पाच मिनिटांपूर्वी शिकलेली गोष्ट ती अशी सांगत होती जसं काही तिचा जन्म त्यात गेला. धंद्यात असंच लागतं. मी भांडी उचलायला आत गेले.

ती थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आली. दार लावून दाराला टेकून उभी राहिली.

"तुला कसं कळलं?"

"श्रीखंडावरून."

"मग मला खूण करायची ना आधी."

"आधी तू आत होतीस."

तिनं भरिताचं पातेलं पुसायला घेतलं. मग वर न बघता म्हणाली, "तू बोलली नसतीस तर?"

"तर आज आमच्याबरोबर टेम्पोत बसून आली असतीस."

ती पुसायची थांबली. तिला सगळं कळत होतं, माझे गुडघे, वापीला गेलेली बाई, माझं इतक्या महिन्यांचं बघू. मला तिच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं.

"तो झारा दे इकडे," मी म्हटलं. "आणि शर्टाला तेल लागेल, लांब हो."

ती साहेबांबरोबर मुंबईला गेली. साहेब जाताना मला म्हणाले की चीज नव्हतं ते बरंच झालं. मी म्हटलं, हो.

परतताना दमणच्या हद्दीबाहेर पोलिसांनी टेम्पो थांबवला. दमणहून येणारी प्रत्येक गाडी बघतात. एकानं मागचं दार उघडून पातेल्यांची झाकणं एकेक करून उचलली. ह्यांना तोंडाचा वास द्यायला लावला. ह्यांनी ठेचा खाल्लेला होता, तो पोलीस चटकन मागे सरला.

"दमणला जाऊन नुसतं खाऊन आलात, काका?"

"मी ते तेही नहीं," हे म्हणाले. "मी गाडीमा बशेल होतू."

माझ्या तोंडाचा वास त्यानं घेतला नाही. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती, पण इतकी दमले होते की झोप येत होती. पलसाण्याच्या आधीच कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा रंगाचा वास येत होता आणि ह्यांनी काच खाली केलेली होती. मी तशीच राहू दिली, आता हुरडा नव्हता.

आठवड्यानं तिचा फोन आला. शेठनं वाइन घेतली होती, कंपनीनं तिला कायम केलं होतं.

"आई, झालं."

"बरं झालं."

"तू खूश आहेस ना?"

"कुकर लावलाय मी. पप्पांना देते, त्यांना सांग."

हे तिच्याशी बराच वेळ बोलले. म्हणजे ती बोलली, हे हूं हूं करत होते. शेवटी म्हणाले, "मिक्स माल चाली गया म्हणजे."

मी एक पुठ्ठा घेतला, मिठाईच्या खोक्याचा. त्याच्यावर हिंदीत लिहिलं की स्वयंपाकाला बाई पाहिजे, कारण इथं हिंदी सगळ्यांना वाचता येतं. तो पुठ्ठा दाराबाहेर खिळ्याला अडकवला. हे काम मी वर्षापूर्वीच करायला हवं होतं, असं हे म्हणाले नाहीत, पण खिळा ह्यांनीच ठोकून दिला.

तीन-चार जणी येऊन गेल्या. मग एक आली ती जरा बरी वाटली. लिंबायत भागातली, हात स्वच्छ, बोलणं कमी. मी तिला बटाट्याची भाजी चमच्यानं दिली आणि विचारलं, काय कमी आहे. तिनं नीट चाखली, विचार केला.

"काही नाही. चांगली आहे, मावशी."

मीठ कमी होतं. मी मुद्दाम कमी टाकलं होतं. उद्या पहाटेपासून ये, असं तिला सांगितलं आणि भाजीत मीठ टाकून डबे भरायला घेतले.